आबिड्स आणि कवटीतली आई

हैदराबादला जाऊन आलेल्या आपल्या माणसाला आबिड्स विचारले तर तो कपड्यांची दुकाने सांगेल, जनरल पोस्ट ऑफिस सांगेल, आणि वाचनाचे वेड असेल तर रविवारी बंद दुकानांसमोर पदपथावर भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार सांगेल. हे नाव एका माणसाचे आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खास तैनातीतला आल्बर्ट आबिड नावाचा गृहस्थ, त्याचे इथे दुकान होते. दुकान गेले, माणूस गेला, नाव राहिले. लागूनच गनफाउंड्री. तिचे जुने नाव 'तोप का सांचा'. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सेनानीने तोफा ओतण्याचा कारखाना इथे घातला होता.

याच परिसरात, भाड्याच्या इमारतीत, १९१९ साली उस्मानिया विद्यापीठाचे पहिले वर्ग भरले. आज तार्नाकाकडची ती भव्य दगडी कमान पाहणाऱ्याला हे खरे वाटत नाही. पण सुरुवात इथली, आबिड्सच्या गजबजाटातली. आणि या विद्यापीठाने जे धाडस केले त्याची आठवण आपण मराठी माणसांनी ठेवलेली नाही. एका भारतीय भाषेतून सगळे उच्च शिक्षण द्यायचे, गणितापासून शरीररचनेपर्यंत, असा तो घाट होता. म्हणजे माणसाची कवटी हातात घेऊन तिचे एकेक हाड उर्दूत सांगायचे. हे कसे साधले, कोणासाठी साधले, आणि आपल्या भाषेचे तेव्हा काय चालले होते, हा आजचा विषय. पण त्याआधी ती कवटी एकदा नीट पाहून घेऊ, कारण भाषेची सगळी गंमत तिच्यातच भरलेली आहे.

कवटीत एकूण २२ हाडे. त्यातली ८ मेंदूभोवतीच्या पेटीची, १४ चेहऱ्याची. कानातली चिमुकली हाडे यात धरत नाहीत. या बावीसातले हलते हाड एकच, खालचा जबडा. बाकी सगळी एकमेकांत रुतून बसलेली. कपाळाचे एक हाड, डोक्याच्या दोन बाजूंना छपरासारखी दोन, कानशिलांची दोन, मागच्या बाजूचे एक. या सहांची जागा बोटाने दाखवता येते. उरलेली दोन आत दडलेली. त्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. एकाला ग्रीकांनी पाचर म्हटले, अरबांनीही त्याच वळणाने खुंटी किंवा मेख म्हटले. संस्कृत परिभाषा करणाऱ्यांनी मात्र ते हाड पुन्हा नव्याने पाहिले असावे. ते पंख पसरलेल्या वटवाघळासारखे दिसते, म्हणून त्यांनी नाव दिले जतूकास्थी. जतूका म्हणजे वटवाघूळ. कोणतेही शरीरशास्त्राचे पुस्तक उघडून चित्र पाहा, हे नाव ग्रीकांपेक्षा सरस आहे हे पटेल. दुसरे हाड नाकाच्या मुळाशी, चाळणीसारखे भोके पडलेले. वासाचे तंतू त्या भोकांतून मेंदूत जातात. ग्रीक, अरबी आणि संस्कृत तिघांनीही त्याला चाळणीच म्हटले. संस्कृतात झर्झरास्थी.

त्या वटवाघळाच्या पाठीवर एक खळगा आहे आणि त्यात वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसते. या खळग्याला युरोपात 'तुर्की खोगीर' म्हणतात. पुढून-मागून उंच असलेले तुर्कांचे खोगीर कोणा शरीरशास्त्रज्ञाला आठवले असेल. आपल्या पणजीच्या शाळेत पोर्तुगीजमधून शिकलेले डॉक्टरही 'सेला तुर्सिका'च म्हणत. पोर्तुगिजांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. नारळाला 'कोको' हे नाव त्यांच्या खलाशांनी दिले. करवंटीवरचे तीन डोळे पाहून त्यांना दात विचकणारा चेहरा, पोरांना भिववायचा बागुलबुवा दिसला. त्या बागुलबुवाचे नाव कोको. जगभर आज आपल्या माडाच्या फळाला ज्या नावाने हाक मारतात ते असे एका मुंडक्यावरून आले आहे.

हाडे जिथे एकमेकांना मिळतात त्या रेषा कपड्याच्या शिवणीसारख्या नागमोडी दिसतात. सुश्रुताने डोक्यातल्या या सांध्यांना सीमंत म्हटले आणि ते पाच सांगितले. सीमंत म्हणजे केसांचा भांग. सीमंतोन्नयन संस्कारातला तोच शब्द. सुश्रुताने प्रेत अभ्यासायची रीतही दिली आहे. ते पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू एकेक थर खरवडत आतले पाहायचे. या रीतीत मेंदू काही हाताला लागायचा नाही, तो आधीच विरघळून जाणार. म्हणून आपल्या जुन्या ग्रंथांत हाडांचा, शिवणींचा आणि मर्मांचा विचार बारकाईने सापडतो, मेंदूच्या आतल्या रचनेचा तसा सापडत नाही.

तान्ह्या बाळाच्या डोक्यात या शिवणी अजून मिळालेल्या नसतात. म्हणून जन्माच्या वेळी हाडे एकमेकांवर सरकून डोके अरुंद वाटेतून बाहेर येऊ शकते. पुढच्या बाजूला चौकटीच्या पानासारखी मऊ जागा उरते, ती आपली टाळू. साधारण दीड वर्षापर्यंत ती भरून येते. घरातल्या जुन्या बायका खोबरेल तेलाने टाळू भरायच्या आणि पोराला हगवण लागली की टाळू खोल गेली का ते आधी बघायच्या. अंगातले पाणी कमी झाल्याची ती खूण डॉक्टरही बघतात. या एका जागेसाठी आपल्याला कोणाकडून शब्द उसना घ्यावा लागला नाही.

आता हाडाच्या आत जाऊ. मेंदू थेट हाडाला टेकत नाही. त्याच्याभोवती तीन वेष्टने आहेत. बाहेरचे जाड, चिवट. मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे. आतले अगदी तलम, मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरलेले. मधल्या आणि आतल्या वेष्टनांमध्ये पाण्यासारखा द्रव असतो आणि साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगतो, नाहीतर स्वतःच्याच भाराने तळाशी चेपला गेला असता. ग्रीक वैद्य यांना नुसते जाड पडदा, पातळ पडदा म्हणत. अरबी वैद्यांनी त्यांना 'उम्म' म्हटले. उम्म म्हणजे आई. कठीण आई आणि नाजूक आई. अरबीत एखादी वस्तू दुसरीला धरून, पोटाशी घेऊन असली की तिला आई म्हणायची सवय आहे. बाराव्या शतकात अँटिओकच्या स्टीफनने अली इब्न अब्बास अल-मजूसीचा वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये नेला तेव्हा त्याने शब्दाला शब्द ठेवला. 'ड्युरा मेटर', कठीण आई. आतल्या नाजूक आईचे लॅटिनमध्ये 'पिया मेटर' झाले, म्हणजे धर्मशील आई. नाजूकपणाचे सोवळेपण कसे झाले ते त्या भाषांतरकारालाच ठाऊक! आज जगातला प्रत्येक न्यूरोसर्जन कवटी उघडली की दिवसातून दहा वेळा ही अरबी आई उच्चारतो. आपल्या संस्कृत परिभाषेत आई नाही. तिथे दृढतानिका, जालतानिका, मृदुतानिका. अर्थ चोख, पण आई हरवली.

अरबांनी नुसती भाषांतरे केली असे मात्र समजू नये. साधारण १२०० साली इजिप्तमध्ये भयंकर दुष्काळ पडला. बगदादचा अब्दुल लतीफ तेव्हा तिथे होता. उघड्यावर पडलेल्या सांगाड्यांचे ढीग त्याने पाहिले, दोन हजारांहून अधिक जबडे तपासले आणि लिहून ठेवले की खालचा जबडा एकच हाड आहे. गेलेनने तो दोन हाडांचा सांगितला होता आणि हजार वर्षे सगळे तेच घोकत होते. युरोपात ही चूक ठामपणे सुधारली व्हेसालियसने, १५४३ मध्ये.

खुद्द मेंदूची मोठी विभागणी शाळेत सगळे शिकतात. मोठा मेंदू म्हणजे प्रमस्तिष्क, मागे खाली लहान मेंदू म्हणजे अनुमस्तिष्क, आणि तळाशी मस्तिष्कपुच्छ, जे कवटीच्या तळच्या मोठ्या भोकातून खाली उतरून मज्जारज्जू होते. पहिल्याने विचार करायचा, दुसऱ्याने तोल सांभाळायचा, तिसऱ्याने श्वास चालू ठेवायचा. मात्र बोलण्यातल्या मराठीत मेंदूसाठी आणखी दोन शब्द मुरलेले आहेत आणि दोन्ही मुसलमानी राजवटींतून आलेले. फारसी 'मग्ज'चा आपण मगज केला आणि त्यावरून मगजमारी. अरबी 'दिमाग'चा केला दिमाख, आणि त्याचा अर्थ मेंदू न राहता ऐट झाला. मेंदूला मराठीने ऐटीत बसवले, हे भाषाशास्त्र्यांना सोडून फार कोणाच्या लक्षात येत नाही.

तर हा सगळा साज घेऊन हैदराबादला येऊ. उस्मानियाच्या कितीतरी आधी, १८४६ साली, चौथे निजाम नासिरुद्दौला यांच्या काळात रेसिडेन्सीचे डॉक्टर मॅक्लीन यांनी हैदराबाद मेडिकल स्कूल काढले. तिथे पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवत. म्हणजे अरबांकडून लॅटिनमध्ये, लॅटिनमधून इंग्रजीत गेलेले शब्द मुसीकाठी पुन्हा अरबी वेषात परत आले. 'ड्युरा मेटर'ची पुन्हा उम्म झाली. सातशे वर्षांची फेरी पुरी करून ती घरी आली म्हणायची. हे चाळीसेक वर्षे चालले. १८८५ च्या सुमारास एडवर्ड लॉरी तिथे आला आणि शिक्षण इंग्रजीत गेले.

लॉरी हा एक वेगळाच माणूस. एडिंबरोत घडलेला, हट्टी, क्लोरोफॉर्मवर आंधळा विश्वास असलेला. क्लोरोफॉर्म देताना माणसे मरत होती. ती हृदय बंद पडून मरतात की श्वास बंद पडून, हा तेव्हाचा कळीचा वाद. श्वास बंद पडतो म्हणजे मस्तिष्कपुच्छातले श्वसनकेंद्र गुंगते. लॉरीचे म्हणणे होते की आधी श्वास जातो, हृदय नंतर, तेव्हा नाडी धरून बसू नका, श्वासावर डोळा ठेवा. हे सिद्ध करायला १८८८ आणि १८८९ साली दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसले. दुसऱ्यासाठी निजामाने पैसे दिले आणि 'लॅन्सेट' साप्ताहिकाने लंडनहून लॉडर ब्रंटनला पाठवले. शेकडो कुत्री आणि माकडे यात बळी गेली. निष्कर्ष लॉरीच्या बाजूने लागला आणि जगभर गाजला. पण १८९३ मध्ये केंब्रिजला गॅस्केल आणि शोअर यांनी दोन प्राण्यांचे रक्ताभिसरण असे जोडले की क्लोरोफॉर्म एकदा फक्त मेंदूला मिळावे आणि एकदा फक्त हृदयाला. हृदयाला मिळाले तेव्हा रक्तदाब कोसळला, मेंदूला मिळाले तेव्हा कोसळला नाही. पुढे १९११ मध्ये लेव्हीने दाखवले की हलकी भूल असताना हृदयाची लय एकाएकी बिघडून माणूस दगावू शकतो. लॉरी हरला, पण त्याचे श्वासावर लक्ष ठेवा हे सांगणे वाया गेले नाही. त्याच्या विद्यार्थ्यांत रूपाबाई फर्दूनजी ही पारशी मुलगी होती. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून तिचे नाव घेतले जाते. आबिड्सहून खाली मुसीकडे उतरले की अफजलगंज लागते. लॉरीच्या काळचे तिथले इस्पितळ १९०८ च्या महापुरात गेले.

इंग्रजीची ही गाडी उस्मानियाने उलटी फिरवली. १९१७ साली अकबर हैदरींनी निजाम मीर उस्मान अली खान यांना टिपण दिले. परकी भाषेतून शिकणाऱ्या मुलाचे अर्धे बळ भाषेतच खर्च होते, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी 'दारुल तर्जुमा' म्हणजे अनुवाद-कचेरी उघडली, मौलवी अब्दुल हक तिचे पहिले प्रमुख. विद्यापीठ सुरू होण्याआधी पुस्तके हवीत, हे त्यांना कळले होते. आपल्याकडे घोषणा आधी होते आणि पुस्तके मागून येतात, कधी येतही नाहीत. इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून ठेवली, पण वर्गात बोलायचे उर्दूत. मग खरी भांडणे सुरू झाली ती शब्दांवरून. इंग्रजी संज्ञा तशाच ठेवाव्या, अरबीतून घडवाव्या की लोकांच्या तोंडच्या शब्दांना प्रत्यय लावून घडवाव्या? मौलवी वहीदुद्दीन सलीम यांनी यावर 'वज़-ए-इस्तिलाहात' हे आख्खे पुस्तक लिहिले आणि उर्दूची स्वतःची घडण धरून शब्द करावेत असे मांडले. त्यांचे फारसे ऐकले गेले नाही, पारडे अरबीकडे झुकले. तरी शेकडो पुस्तके झाली. १९२६ च्या सुमारास जुने मेडिकल स्कूल उस्मानिया मेडिकल कॉलेज झाले आणि कवटी पुन्हा उर्दूत बोलू लागली. तिथे शिकलेले डॉक्टर उत्तम निघाले. भारतीय भाषेत शरीरशास्त्र शिकवता येत नाही असे जो म्हणेल त्याला हे एवढेच उत्तर पुरे.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. 'परकी भाषा नको' म्हणणाऱ्या या विद्यापीठाची भाषा संस्थानातल्या किती लोकांची होती? प्रजेपैकी सुमारे निम्मी तेलुगू बोलणारी, चौथा हिस्सा मराठी, त्यानंतर कन्नड. उर्दू घरी बोलणारे दहात एखाददुसरे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबादचा मराठी मुलगा डॉक्टर व्हायचे म्हटले तर हैदराबादला जाणार आणि 'उम्म' पाठ करणार. त्याच्यासाठी इंग्रजी जितकी दूर तितकीच ही अरबी उर्दू दूर. हैदराबादेत केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्यांनी विवेकवर्धिनीसारखी शाळा उभी करून मराठी जपली, पण ती शाळेपर्यंत. १९३८ मध्ये वसतिगृहात वंदे मातरम् म्हणतात म्हणून उस्मानियातून शेकडो विद्यार्थी काढले गेले, त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि पाठोपाठ उर्दू माध्यम संपले. इंग्रजी आली. मराठवाड्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले १९५६ मध्ये, औरंगाबादला, तेही इंग्रजीतच. एका अन्यायाबरोबर एक मोठा प्रयोगही गाडला गेला आणि दोन्ही वेगळे करून पाहायला कोणाला सवड नव्हती. मला यातले दुसरे नुकसान अधिक सलते.

मराठीने असा प्रयोग केलाच नाही, असेही नाही. मुंबईत १८२६ मध्ये 'नेटिव्ह मेडिकल स्कूल' निघाले. जॉन मॅक्लेनन प्रमुख, शिक्षण मराठी आणि गुजरातीतून. सहा वर्षांत ते बंद पडले. त्याच्या आगेमागे, १८२५ ला, कलकत्त्यात पीटर ब्रेटनने शरीराच्या अवयवांची नावे इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत शेजारी शेजारी छापली होती. त्या यादीत मराठी नाही. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले ते इंग्रजीत. तिथल्या पहिल्या तुकडीत आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते. पुढे भाऊंनी मुंबईत रोगी तपासले, शिलालेख वाचले, पण शरीरशास्त्र ते शिकले ते इंग्रजांच्या शब्दांत. इकडे आपल्या पणजीत १८४२ पासून 'एश्कोला मेदिकु-सिरुर्जिका' चालू होती. तिथे क्रानियु, सेरेब्रु, दुरा-मातेर. तिथून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिकपर्यंत गेले. १९६१ नंतर तिचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि पोर्तुगीज शब्दांच्या जागी इंग्रजी बसले. रोग्याशी बोलायची भाषा मात्र दोन्ही काळांत तीच राहिली, कोकणी आणि मराठी. डॉक्टर पुस्तकातले डोके एका भाषेत ओळखायचा आणि समोरचे दुसऱ्या भाषेत.

संस्कृत परिभाषेचे ते सुंदर शब्द, वटवाघूळ, चाळणी, शंखास्थी, यांना नव्याने चलन मिळाले ते मुख्यतः कलकत्त्याच्या गणनाथ सेनांमुळे. त्यांच्या 'प्रत्यक्षशारीरम्' या ग्रंथाने आधुनिक शवविच्छेदनात दिसणारे शरीर संस्कृतात मांडले. आयुर्वेद महाविद्यालयांत आजही ते शब्द शिकवतात. शालेय मराठी पुस्तकांत प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क आहेत. दहावी झाली की ते शब्द मागे पडतात आणि पुढे कोणी उच्चारत नाही.

हा प्रश्न नुसता शब्दकोशाचा नाही. अपघात झालेल्या मुलाला घेऊन इस्पितळात गेलेल्या बापाला सांगतात, 'एक्स्ट्राड्युरल' झाले आहे, लगेच उघडावे लागेल, सही करा. त्याला कळत नाही की कवटीचे हाड आणि ती 'कठीण आई' यांच्यामध्ये रक्त साकळले आहे, ते काढले तर मुलगा बहुधा वाचतो, आणि उशीर झाला तर दाब वाढून मेंदूचा तळचा भाग मोठ्या भोकाकडे ढकलला जातो, जिथे श्वासाचे केंद्र आहे. चार सोप्या वाक्यांत सांगता येण्यासारखे आहे हे. हाड, पडदा, रक्त, श्वास. यात एकही शब्द मराठीला नवा नाही. सांगणाऱ्याला तो मराठीत कधी शिकवलेला नसतो, एवढेच.

२०२२ च्या ऑक्टोबरात भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत निघाली, शरीररचनेचेही एक. संज्ञा बऱ्याचशा इंग्रजीच, फक्त देवनागरीत. उस्मानियाच्या भाषांतरकारांनी जी वाट पहिल्याच दिवशी नाकारली होती ती इथे निवडली गेली. ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, मुलाला उद्या जगातले लेख वाचायचे आहेत. पण सलीम मौलवींनी ज्या प्रश्नावर आख्खे पुस्तक लिहिले, त्यावर आपल्याकडे एखादी बैठक तरी व्हायला हवी होती.

आबिड्सच्या रविवारच्या बाजारात वैद्यकीय विद्यार्थ्यांनी विकलेली इंग्रजी शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तके मांडलेली असतात. त्यांच्या शेजारी उर्दू पुस्तकांचे गठ्ठेही असतात, कथाकादंबऱ्यांचे, शायरीचे. त्यात कधी दारुल तर्जुमाचे एखादे जुने भाषांतर निघाले तर चित्राखाली 'उम्म' हा शब्द शोधून पाहावा.